न कापलेलं नाव

एक नारळ. त्याच्याखाली कीबोर्ड.

शिरूर केंद्राच्या फाटकावरचा फळा: 'अपघाताविना दिवस'. पुढचे तीन आकडे ओल्या फडक्याने पुसलेले.

नियम एक: तोंडी सांगितलेलं सांगितलंच नाही असं धरलं जाईल.

एका खुर्चीवर शाल. खुर्चीत माणूस नाही.

शेरा: 'गळती थांबली. दसऱ्यानंतर पान्याने एक फेरा द्यावा.'

नियम चौदा: बंद झालेली नोंद ऑपरेटरच्या यादीत दिसणार नाही. (हा नियम मी लिहिला. फार नेटका नियम आहे.)

संपत ठोंबरे, वय एकोणतीस, कॉम्प्रेसर ऑपरेटर. गुरुवारी दुपारी चार वाजता त्याची नोकरी राहणार की जाणार हे ठरायचं आहे.

नोंद

मी मोनाली कोकरे, केडगावची. आमच्या डेअरीचा मोठा प्लांट दौंडला, दूध थंड करायचं केंद्र शिरूरला. दूध थंड ठेवायला अमोनिया लागतो, आणि अमोनिया सुटला की माणसाला जागेवर उभं राहता येत नाही. म्हणून जे जे बिघडण्याची शक्यता आहे ते आधीच एका सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं, अशी आमच्याकडे पद्धत. त्या नोंदी मी लावते. कोणाला काय दिसावं, कोणाला काय बदलता यावं, कोणाला नोंद बंद करता यावी, हेही मीच ठरवते. पूर्वी हे सगळं सहा कपाटांत होतं आणि दोन कपाटांच्या किल्ल्या हरवलेल्या होत्या. आज कुठलीही नोंद मागा, मी चाळीस सेकंदांत काढून देते. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

दसऱ्यानंतर आठव्या दिवशी शिरूरच्या सात नंबरच्या व्हॉल्व्हमधून अमोनिया सुटला. कुणी दगावलं नाही. दोन कामगार दोन दिवस दवाखान्यात राहिले. मग चौकशी बसली.

बुधवारी सकाळी दौंडच्या ऑफिसात चौकशी समितीचे अध्यक्ष पोपटराव होते. ते डेअरीचे संचालक. सगळे त्यांना मामा म्हणतात. शिरूर केंद्राचा मॅनेजर सत्यजीत ढमढेरे त्यांच्या शेजारी होता. समोर संपत, मांडीवर हेल्मेट घेऊन.

"व्हॉल्व्ह झिरपत व्हता तर कळवलं का न्हाईस?" पोपटरावांनी विचारलं.

"कळवलं व्हतं, मामा. खंडेनवमीलाच सिस्टीमला टाकलं व्हतं."

"रविराजला सांगितलंस?" रविराज म्हणजे शिरूरचा मेंटेनन्स इंजिनिअर.

"तोंडी सांगितल्यालं धरत न्हाईत, मामा. मॅडमचा नियम हाय."

"मग दाखव कुठं टाकलंस."

संपतने आपली यादी उघडली. यादीत ते नव्हतं.

"त्या दिशी व्हतं. दुसऱ्या दिशी बघितलं तर न्हाई. मला वाटलं, काम झालं आसंल."

सत्यजीतने पेन टेबलावर ठेवलं. आवाज न करता ठेवलं, पण ठेवलं.

मी माझा लॅपटॉप पुढे ओढला. माझ्या आयडीवर सगळं दिसतं. चाळीस सेकंदही लागले नाहीत. नोंद क्रमांक ४१२, सात नंबरचा व्हॉल्व्ह, टाकणारा संपत ठोंबरे. बंद केलेली. तारीख खंडेनवमीचीच, वेळ ११:५२, संगणक शिरूरच्या कॉम्प्रेसर रूममधला. खाली तो शेरा: गळती थांबली, दसऱ्यानंतर पान्याने एक फेरा द्यावा.

संपतने डोळे मिटून श्वास सोडला. पोपटराव माझ्या खांद्यावरून वाकले.

"बंद कुणी केली?"

मी नाव वाचलं. मग परत वाचलं.

"कोंडिबा आखाडे."

पोपटराव सरळ झाले. "कोंडिबा रिटायर हून दोन वर्सं झाली की."

अधिकार

सत्यजीत हुशार आहे. बोलायला लागला की बोटं मोजत बोलतो.

"मामा, साधा हिशोब आहे. मला नोंद बंद करायची असती तर माझ्या नावानं केली असती, मला अधिकार आहे. रविराजलाही आहे. दुसऱ्याचं नाव कुणाला लागतं? ज्याला अधिकार नाही त्याला." त्याने संपतकडे पाहिलं नाही. "उघडी नोंद असली की ऑपरेटरला दर तासाला जाऊन व्हॉल्व्ह बघावा लागतो. सणाचा दिवस. आणि कोंडिबा आबांच्या हाताखाली तीन वर्षं कोण होतं? पासवर्ड कुणी बघितलेला असणार?"

पोपटरावांनी संपतकडे वळून विचारलं, "काय रं?"

संपत उठून उभा राहिला. "आबांनी मला हाताला धरून काम शिकवलं. त्यांच्या नावाखाली मी खोटं लिवीन व्हय? नोकरी घ्यायची तर घ्या, मामा. पर हे कागदावर लिवू नका. आमच्या घरात हे कुणी वाचायला नगं."

पोपटरावांनी समोरची फाइल मिटली. "उद्या चार वाजता निकाल देतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे: "आन् मॅडम, रिटायर माणसाचं नाव तुमच्या मशिनीत चालू कसं?"

"तपासून सांगते," मी म्हणाले.

तपासायचं काही नव्हतं. मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी शिरूरला आबांचा निरोप समारंभ होता. एकतीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळलेला माणूस. शाल, श्रीफळ, पेढे. मी लॅपटॉप उघडून बसले होते, कारण माणूस गेला की त्याच दिवशी त्याचा आयडी बंद करायचा, हाही माझाच नियम. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'हा वापरकर्ता कायमचा बंद करायचा?' समोर आबा पेढा खात होते. माझ्या हातावरही त्यांनी एक ठेवला. जित्या माणसाचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत कापायचं, तेही त्याचाच पेढा हातात धरून? मी 'नाही' दाबलं. उद्या करू म्हटलं. मग दोन वर्षांत शिरूरच्या एकानेही मला आठवण करून दिली नाही. सगळ्यांना ते तसंच बरं वाटत होतं.

आता त्या नावाखाली संपतची नोकरी चिरडली जात होती.

पाहणी

शिरूरला जाणारा रिकामा टँकर साडेअकराला निघतो. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने दीड तास. मी ड्रायव्हरशेजारी बसून गेले.

रविराज कॉम्प्रेसर रूमच्या दारातच भेटला. "या, या. दौंडची सीआयडी आली."

"४१२ तुम्हाला दिसली नव्हती का?"

"सकाळी पूजेच्या गडबडीत यादी उघडलीच नाही, ते माझं चुकलं. दुपारी उघडली तर कोरी." तो ओशाळं हसला. "कोरी यादी बघून इंजिनिअर विचार करतो का मॅडम? मी जेवायला बसलो. दिसली असती तर आतलं गळती अडवणारं पॅकिंगच बदललं असतं, फेराबिरा नाही."

"शेरा कुणी लिहिला असेल?"

"ज्याला पॅकिंगपेक्षा स्वतःच्या हातावर भरवसा आहे त्यानं."

म्हणजे कोण, असं मी विचारलं तेव्हा त्याने खांदे उडवले.

सत्यजीत माझ्यामागोमाग कारने येऊन पोचला होता. कोरी यादी सगळ्यांत जास्त त्यालाच हवी होती. फळ्यावरचे आकडे तो रोज स्वतःच्या हाताने लिहायचा. मी ते त्याला तोंडावर विचारलं.

"हो, हवी होती," तो म्हणाला. "पण त्या वेळेला मी शूटिंग करत होतो. बघा."

त्याने फोन दिला. खंडेनवमीची पूजा. शेडमध्ये पांढऱ्या चादरीवर पाने, हातोडे, पक्कडी, सगळ्यांना हळदकुंकू. "पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही," सत्यजीत सांगत होता. "आम्ही तर कॉम्प्युटरलासुद्धा हार घालतो. कीबोर्डवर नारळ." त्याने कॉम्प्रेसर रूममधल्या संगणकाचा फोटो दाखवला, सव्वाअकराचा. नारळ कीबोर्डच्या मधोमध होता.

मग आरतीचा व्हिडिओ. सुरू ११:४६, संपला ११:५८, मध्ये कुठेही न तोडलेला. ताट रविराजच्या हातात. झांजा संपतच्या हातात, डोळे मिटून, जरा बेतालच. फोन धरणाऱ्या सत्यजीतचा आवाज सगळ्यांत मोठा. हजेरीपटावरची नऊच्या नऊ माणसं मी बोट लावून मोजली.

११:५२ ला केंद्रातला प्रत्येक माणूस माझ्यासमोर आरती म्हणत होता. आणि त्याच मिनिटाला पलीकडच्या खोलीत कुणीतरी नारळ बाजूला ठेवून कीबोर्ड दाबत होतं.

बदल

मी कॉम्प्रेसर रूमच्या पायरीवर बसले.

दसऱ्यानंतर का? गळती आज आहे, पाना आज का नको?

कारण पाना पूजेला लावलेला आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला त्या दिवशी पाना उचलणं पटत नव्हतं.

पण संगणकही पूजेला लावलेला होता. हार होता, नारळ होता. तो त्याने बेधडक वापरला.

इथे मी अडले. मग माझ्याच हातांकडे पाहिलं. माझं हत्यार कीबोर्ड आहे. संपतचंही आता आहे, रविराजचंही, सत्यजीतचं तर आहेच. या केंद्रात आज काम करणारा कुणीही पाना सोडून कीबोर्डला हात लावणार नाही. दोन्ही सोडेल किंवा दोन्ही उचलेल. पाना हत्यार आणि संगणक हत्यार नाही, असं मानणारा माणूस या हजेरीपटावर नव्हता.

मी व्हिडिओ पुन्हा मागून घेतला. यावेळी माणसं सोडून बाकी सगळं पाहिलं. चादर, समई, केळीचे खांब. उजवीकडे, पहिल्या रांगेत, एक खुर्ची. तिच्यावर शाल. ११:४६ ला तिच्यात एक धोतर आणि दोन पाय दिसतात, तोंड चौकटीबाहेर. ११:४९ ला खुर्ची मोकळी.

"रविराज, त्या दिवशी पाहुणे कोण होते?"

"पाहुणे कुणीच नव्हते."

"मग शाल कुणाला दिली?"

"ती आबांना. कोंडिबा आबा दरवर्षी येतात खंडेनवमीला."

मी व्हिडिओ थांबवला.

"पाहुणे विचारलंत तुम्ही," तो म्हणाला. "आबा घरचे आहेत."

"गेटच्या वहीत सही?"

"घरच्या माणसाला सही मागतात का, मॅडम?"

मला हसू आलं. सकाळपासून आम्ही सगळे शोधत होतो की कोंडिबा आखाडे हे नाव कुणी वापरलं. नोंद मात्र पहिल्या मिनिटापासून सरळ उत्तर देत होती. माझी नोंद खोटं बोलत नव्हती. आमचाच तिच्यावर विश्वास नव्हता; आबांनीच लिहिलं असेल हे त्या दिवशी त्यांना पाहिलेल्यांच्याही मनात आलं नाही.

मंजुरी

परतीच्या टँकरने मला चौफुल्यावर सोडलं. तिथून पुण्याच्या एसटीने कासुर्डी, आबांचं गाव.

आबा अंगणात विहिरीवरची मोटर खोलून बसले होते. बायको सोजराबाई शेंगा निवडत होती.

"आबा, शिरूरची ४१२ नंबरची नोंद तुम्ही बंद केलीत?"

"नंबर मला ठावं न्हाई. सात नंबरच्या व्हॉल्व्हाची केली." त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "आरतीत बसलो व्हतो तर वास आला. आमोन्याचा वास आधी मला येतो, मग तुमच्या यंत्राला. गेलो. मानेवरचा नट ढिला व्हता. फडकं गुंडाळून हातानंच आवळला. वास गेला."

"पाना का नाही घेतला?"

आता त्यांनी वर पाहिलं. "पाने पूजेला लावल्याले."

"आणि कॉम्प्युटरला हात लावलात? त्याच्यावर नारळ होता."

"ते काय हत्यार हाय व्हय? ती वही हाय. काम केलं की वहीत लिवायचंच आसतंय, सण आसू दे न्हाईतर काय बी आसू दे. नारळ बाजूला ठिवला आन् लिवलं. गेलं की माझ्या नावानं झटक्यात."

"संपतला तोंडी का नाही सांगितलं?"

"तूच शिकवलंस ना, तोंडी सांगू नका म्हणून? लिवलं. संपत वाचंल आन् दसरा झाला की फेरा देईल."

मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले. हे मलाच सांगायचं होतं, दुसरं कुणी सांगणार नव्हतं.

"त्याला दिसलं नाही, आबा. बंद केलेली नोंद ऑपरेटरला दिसत नाही."

"आसं कुणी ठरीवलं?"

"मी. यादी स्वच्छ राहावी म्हणून."

सोजराबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हंजी घरात चिठ्ठी ठिवायची आन् कपाटाला कुलूप लावायचं. आन् वरून इचारायचं, वाचली का न्हाई."

आबांनी तिला गप्प केलं नाही. मी गळती सांगितली, दवाखाना सांगितला. संपतवर काय आलंय ते सांगितलं, आणि तो उभा राहून काय म्हणाला तेही. मोटरचा स्क्रू त्यांच्या बोटांत फिरत होता तो थांबला.

"त्यानं माझं नाव वाचिवलं व्हय," ते म्हणाले. आणि मग आत तोंड करून: "उद्याला धुतल्यालं धोतर काढून ठिव."

बंद

गुरुवारी चार वाजता समिती बसली. संपत कालच्याच खुर्चीत होता. दार उघडून कोंडिबा आबा आत आले तेव्हा तो उठला, सत्यजीत उठला, आणि पोपटरावसुद्धा अर्धे उठले.

"बसा," आबा म्हणाले, जणू ऑफिस त्यांचंच होतं. "ते नाव माझं हाय आन् ते काम बी माझं हाय. पोराचा त्यात हात न्हाई."

पोपटराव म्हणाले, "कोंडिबा, रिटायर माणसानं व्हॉल्व्हाला हात लावला, हे अंगावर येईल तुमच्या."

"येऊ द्या. एकतीस वर्सं सही केली. एकबी सही कवा माझी न्हाई म्हणलो न्हाई. आता म्हणू?"

मग मी उभी राहिले. व्हिडिओ दाखवला, मिनिटं दाखवली. पाना आणि नारळ समजावून सांगितला. सत्यजीतने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच हात मांडीवर ठेवला. "माझा हिशोब चुकला," तो म्हणाला. संपतकडे पाहून म्हणाला, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते.

"आता शेवटचं," मी म्हणाले. "आबांचा आयडी दोन वर्षं मी चालू ठेवला. आणि आबांनी संपतसाठी लिहिलेलं संपतला दिसणार नाही, असा नियम मी केला. व्हॉल्व्ह झिजला होता, पण निरोप अडकला तो माझ्या कपाटात. आज सकाळी मी नवी नोंद टाकली आहे. क्रमांक ४३१. धोका: निवृत्त माणसाचा चालू आयडी, आणि बंद नोंदी ऑपरेटरपासून लपवणे. तीव्रता: उच्च. जबाबदार: मोनाली कोकरे."

"सोताच्याच नावानं?" पोपटरावांनी चष्मा काढला. "सोताच्या अंगावर कुणी आसं लिवतं व्हय मॅडम?"

"नोंद माझ्याकडे असते, मामा. चुकीची राहिलेली मला चालत नाही."

आम्हाला बाहेर पाठवून, चहा होईपर्यंत पोपटरावांनी निकाल लिहिला. संपत निर्दोष, तसं लेखी, शिरूरच्या फळ्याशेजारी लावायचं. आबांना यापुढे यंत्राला हात लावायला मनाई. खंडेनवमीचं बोलावणं कायम, पण गेटवर सही करून. रविराजला यादी न उघडल्याबद्दल समज. मला लेखी ताकीद. ती माझ्या फाइलमध्ये मीच लावली, तारखेच्या क्रमाने.

राहिला आयडी. मी लॅपटॉप उघडला, लाल अक्षरं आली, आणि माझा हात पुन्हा तसाच थांबला.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"नाव जात नाही, आबा. तुमच्या जुन्या सगळ्या नोंदींखाली ते तसंच राहतं. फक्त पुढं काही लिहिता येणार नाही."

"एवढ्यासाठी दोन वर्सं थांबली व्हतीस व्हय, पोरी? सर बाजूला."

त्यांनी चष्मा लावला, एका बोटाने 'होय' दाबलं आणि पडदा बदलेपर्यंत बोट तिथेच ठेवलं. मग ताठ बसले.

नियम चौदा मी तिथेच काढून टाकला. संपतने आपली यादी उघडली. बंद नोंदी पहिल्यांदाच त्याच्यासमोर आल्या, आणि त्याने तो शेरा ओठ हलवत वाचला.

"आबा, एक फेरा?" तो म्हणाला. "म्या दोन दिलं आसतं."

"दोन देतोस म्हणूनच एक लिवला," आबा म्हणाले. पोपटराव चहात हसले, आणि संपतने पहिल्यांदा हेल्मेट मांडीवरून काढून खाली ठेवलं.

नोंद क्रमांक ४१२ संपतने टाकली ती खंडेनवमीच्या सकाळी सात वाजून सहा मिनिटांनी. त्याची पाळी सातला सुरू झाली होती. आबांना वास येण्याआधी पावणेपाच तास.